चाल कुणाची? जितेंद्र अभिषेकी आणि 'कट्यार'चा निकाल

(नांदेड आणि लातूर इथं दिलेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्र शब्दांकन. ध्वनिमुद्रणं ऐकवली त्या जागा कंसात दाखवल्या आहेत. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



परवा नांदेडला हेच व्याख्यान झालं. संपल्यावर एक काका पुढं आले. म्हणाले, "सर, सगळं सांगितलंत, पण एक सांगा. 'कट्यार'मध्ये खाँसाहेब हरतात का नाही?" आम्ही विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "हरतात. हरायलाच पाहिजेत. नाटक त्याच्यासाठीच तर आहे की." त्यांच्यासोबत त्यांचे एक जुने दोस्त होते, इतवाऱ्यातले. ते हसले आणि म्हणाले, "तीस वर्षं झाली, हा मला हेच सांगतो. आणि गुणगुणतो मात्र खाँसाहेबांचीच चाल."

या एका वाक्यानं आमचं व्याख्यान बदललं. नांदेडला आम्ही पंडित जितेंद्र अभिषेकींचं चरित्र सांगून, पदं ऐकवून थांबलो होतो. आज लातूरला तेच चरित्र सांगायचं आहे, पण त्या दोन दोस्तांमधला वाद समोर ठेवून. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात कोण जिंकतं, हा प्रश्न लेखकानं संवादात सोडवलाय. संगीतकारानं तो चालीत सोडवलाय. आणि ही दोन उत्तरं सारखी नाहीत.

आता चरित्राकडे वळू.

अभिषेकींचा जन्म १९२९ चा, गोव्यातल्या मंगेशीचा. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे. मंगेशाच्या देवळात अभिषेकाचा मान घराण्याकडे, म्हणून अभिषेकी. वडील बाळूबुवा कीर्तनकार. म्हणजे मुलाच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते कीर्तनातलं. आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको. कीर्तनात गाणारा माणूस नुसता गात नाही. तो एका घटकेला नारद असतो, दुसऱ्या घटकेला हिरण्यकश्यपू, लगेच पुन्हा बुवा. साकी येते, दिंडी येते, आर्या येते, आणि प्रत्येक चाल आख्यानातल्या त्या जागेसाठीच असते. 'हे कोण बोलतंय' हे कीर्तनकाराला आवाजातून दाखवावं लागतं. हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

अजून एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगिजांकडे होता. आपण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाकडे. दोन्हीकडे कारभाराची भाषा वेगळी, घरातली वेगळी, देवळातली वेगळी. आपल्याकडे तर जाहीर कार्यक्रमाला सुद्धा परवानगी काढावी लागायची. 'गश्ती निशाण ५३' हे शब्द जुन्या माणसांना अजून आठवतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला एक सवय लागते. एकाच दिवसात तो तीन भाषांत वागतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. अभिषेकी मराठी होते, कोकणी होते, संस्कृतात मुरलेले होते, आणि ज्या उस्तादांकडे शिकले त्यांची उर्दूही त्यांनी कानात साठवली होती. मुंबईला आकाशवाणीच्या कोकणी विभागात त्यांनी नोकरी केली. शब्द माईकसमोर कसा पडतो हे तिथं रोज पाहायला मिळतं.

गुरूंची यादी लांब आहे. सुरुवातीला गोव्यात गिरिजाबाई केळेकर. पुढं मुंबईत जगन्नाथबुवा पुरोहित आणि उस्ताद अझमत हुसेन खाँ. नंतर जयपूर गायकीसाठी गुलुभाई जसदनवाला. आज आपल्याला या यादीतली मधली दोन नावं हवी आहेत. जगन्नाथबुवा म्हणजे 'गुणिदास', जोगकंस रागाचे कर्ते. ते स्वतः आग्रा घराण्याच्या उस्ताद विलायत हुसेन खाँचे शिष्य. अझमत हुसेन खाँ म्हणजे 'दिलरंग'. बुवा आणि खाँसाहेब, दोघांचेही गंडे एका हातात. स्वतः अभिषेकी बंदिशी बांधायचे ते 'श्यामरंग' या नावानं. गुणिदास, दिलरंग आणि श्यामरंग ही तीन नावं शेजारी ठेवली की यात पंडित कुठं संपतो आणि खाँसाहेब कुठं सुरू होतो, ते सांगणं अवघड होतं.

आता थोडं मागं जाऊ, कारण अभिषेकींना काय वारशात मिळालं ते कळल्याशिवाय त्यांनी काय केलं ते कळणार नाही.

संगीत नाटकाची सुरुवात आपण १८८० पासून धरतो, किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून. तिथं पदं भरपूर, पण पद म्हणजे संवादाचाच तुकडा. साधी चाल, शब्द पुढं. १९११ ला 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. १९१६ ला 'स्वयंवर', भास्करबुवा बखल्यांच्या. रागसंगीत रंगभूमीवर थाटात आलं. बालगंधर्वांचा काळ तो. लोक गाणं ऐकायला यायचे, 'वन्स मोअर' द्यायचे, आणि नाटक थांबायचं. रुक्मिणी स्वयंवराच्या काळजीत आहे, पण ती काळजी तीन वेळा पहिल्यापासून ऐकावी लागायची. आम्ही त्या गाण्याला नावं ठेवत नाही. ते गाणं होतं म्हणून घराघरांत राग पोचले. पण ते गाणं गायकाचं झालं होतं, पात्राचं उरलं नव्हतं.

मग बोलपट आले, कंपन्या मोडल्या. १९६० च्या आसपास पुन्हा पालवी फुटली. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ', वसंत देसाईंचं संगीत. 'सुवर्णतुला', छोटा गंधर्वांच्या चाली. आणि १ मे १९६४ ला 'मत्स्यगंधा'. लेखक वसंत कानेटकर, संस्था गोवा हिंदु असोसिएशन, दिग्दर्शक मास्टर दत्ताराम, संगीत जितेंद्र अभिषेकी. वय पस्तीसच्या आत.

'मत्स्यगंधा'त त्यांनी काय केलं? एक, पद आटोपशीर केलं. चाल शास्त्रातलीच, पण ती सांगायचं ते सांगते आणि थांबते. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, चाल बांधताना समोर गळा कुणाचा आहे आणि पात्र कोणतं आहे, हे दोन्ही पाहिलं. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत होते. तयार गळा, वरच्या पट्टीत फेकीचा आवाज. त्यांच्या पदांत ताना आहेत, आव्हान आहे. सत्यवतीच्या भूमिकेत आशालता वाबगावकर. त्या बैठकीच्या गायिका नव्हत्या. जुन्या पद्धतीत अशा नटीला पद दिलं नसतं, किंवा दिलं असतं तर तिची फजिती झाली असती. अभिषेकींनी तिला कोळ्याच्या पोरीला शोभेल अशी चाल दिली. होडी वल्हवताना श्वास जितका लांब पुरतो, तेवढीच ओळ.

(इथं 'मत्स्यगंधा'तली दोन पदं लागोपाठ ऐकवली.)

ऐकलंत? एकाच नाटकातली पदं, एकाच माणसाच्या चाली. पण ऋषी ऋषीसारखा गातो आणि कोळीण कोळिणीसारखी. याला शास्त्रात आधार आहे, आणि तो नांदेडजवळच सापडतो. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर आयुष्यभर विचार केला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या नाट्यशास्त्रात ध्रुवा नावाचं नाटकातलं गाणं आहे. पात्र येताना म्हणायची ध्रुवा वेगळी, जाताना म्हणायची वेगळी, प्रसंगात एकदम वळण आलं तर वेगळी. उत्तम पात्राची वेगळी, हलक्या पात्राची वेगळी. म्हणजे भरतमुनी विचारतात ते 'राग कोणता' असं नाही. 'कोण, कुठं, कोणत्या मनःस्थितीत?' हा त्यांचा प्रश्न. अभिषेकींनी ध्रुवा वाचून चाली केल्या असं आमचं म्हणणं नाही. कीर्तनकाराच्या घरात हे शिक्षण आपोआप मिळतं. पण प्रश्न तोच होता.

मग १९६६ ला दोन नाटकं आली, एकमेकांच्या अगदी उलट. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी', भारदस्त, पौराणिक. आणि कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली', मूल नसलेल्या नवराबायकोची हसतीखेळती गोष्ट, श्रीकांत मोघ्यांनी गाजवलेली. 'लेकुरे'मध्ये माणसं बोलता बोलता गातात आणि गाता गाता बोलतात. तिथं राग दाखवायला गेलात तर विनोद मरतो. अभिषेकींनी तिथं रागदारी खिशात ठेवली. ज्याच्याकडे विद्या आहे त्यानं ती न दाखवणं हे अवघड काम असतं. ज्याला काहीच येत नाही तो साधी चाल करतो, त्यात विशेष नाही. ज्याला सगळं येतं तो साधी चाल करतो, तेव्हा त्यानं नाटकाला मान दिलेला असतो.

आणि मग २४ डिसेंबर १९६७. 'कट्यार काळजात घुसली'. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे. पंडित भानुशंकर म्हणजे भार्गवराम आचरेकर.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, थोडक्यात सांगतो. विश्रामपूर संस्थानात राजगायकाला एक कट्यार मिळते. तिच्या सोबत एक खून माफ. पंडितजी राजगायक होते, त्यांची जागा आता खाँसाहेबांकडे आहे. पंडितजींचं गाणं शिकायला मिरजेहून सदाशिव येतो, तर पंडितजी नाहीत. मग तो खाँसाहेबांच्या घरात चोरून गाणं शिकतो. पकडला जातो. कट्यार उपसली जाते. आणि शेवटी चालत नाही.

कागदावर वाचलं तर नाटकाचं पारडं एका बाजूला झुकलेलं आहे. पंडितजी शांत, निर्लोभी. खाँसाहेब मानी, संतापी, घराण्याचं गाणं मुठीत धरून बसलेले. वाचणाऱ्याला वाटतं, सात्त्विक विरुद्ध राजस असा हा मुकाबला आहे आणि निकाल आधीच ठरलेला आहे. नांदेडचे काका म्हणाले ते याच अर्थानं. 'हरायलाच पाहिजेत.'

आता संगीतकाराच्या खुर्चीत बसून बघा. त्याला या दोघांच्या गायकीला चाली द्यायच्या आहेत. सोपा रस्ता समोर होता. पंडितजींना सुंदर चाली द्यायच्या आणि खाँसाहेबांना नुसती तानबाजी द्यायची. प्रेक्षक आपोआप पंडितजींकडे गेला असता. नाटकाचा हेतू साधला असता, कुणी काही म्हटलं नसतं.

अभिषेकींनी तसं केलं नाही. याचा पुरावा म्हणजे 'घेई छंद मकरंद' हे पद. शब्द एकच, दारव्हेकरांचे. चाली दोन. पंडितजींच्या गायकीतली चाल सालगवराळी रागात. आपल्या रंगभूमीला फारसा ओळखीचा नसलेला, दक्षिणेकडच्या वळणाचा राग. खाँसाहेबांच्या गायकीतली चाल धानी रागात. पाच सुरांचा, चपळ, खेळकर राग.

(इथं आधी प्रसाद सावकारांच्या आवाजातलं सालगवराळीतलं, मग वसंतरावांच्या आवाजातलं धानीतलं ध्वनिमुद्रण ऐकवलं.)

पहिल्या चालीत शब्दाला बसायला जागा आहे. सूर येतो, थांबतो, आजूबाजूला बघतो, मग पुढं जातो. कवितेतला भुंगा फुलावर बसलाय असं वाटतं. दुसऱ्या चालीत तोच भुंगा उडतोय. या फुलावरून त्या फुलावर, मधेच गिरकी. आता आम्हाला सांगा, यातली वाईट कोणती? सभागृहात हात वर करायला सांगितले तर लातूरला काय होईल बघू. नांदेडला निम्मे निम्मे झाले होते.

(इथं हात वर करायला सांगितले. लातूरला धानीला थोडे जास्त हात वर आले.)

बघा. आणि हा निकाल संगीतकाराला हवा होता, असं आमचं मत आहे. त्यानं दोन माणसांना दोन स्वभाव दिले. एकाला खरं आणि एकाला खोटं गाणं दिलं नाही. भुंगा बसतो हेही खरं, उडतो हेही खरं. कवितेचा अर्थ दोन्ही चाली मिळून पुरा होतो. एकच चाल ठेवली तर पद अर्धं राहतं.

हे त्यांना जमलं कारण दोन्ही बाजू त्यांच्याच घरातल्या होत्या. गुणिदास आणि दिलरंग. ज्याचे दोन गुरू असे, तो एकाला जिंकवून दुसऱ्याला कसा हरवेल? शिष्याच्या हातून ते होत नाही. आणि गाणारा माणूस बघा. खाँसाहेब उभे केले ते वसंतराव देशपांड्यांनी. विदर्भातल्या मूर्तिजापूरचा जन्म, मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी, नागपुरात सप्रे गुरुजी, लाहोरला असद अली खाँकडे मारवा, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, आणि कानात लहानपणापासून दीनानाथ मंगेशकर. वसंतरावांच्या गळ्यातून जे खाँसाहेब गातात, त्यांना तुम्ही कोणत्या एका बाजूला टाकणार?

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. नांदेडला त्या इतवाऱ्याच्या दोस्तांनीच तो घेतला. ते म्हणाले, "गाणं ठीक आहे. पण साहेब, असं उर्दू बोलतं कोण?" नाटकातले खाँसाहेब एक खास नाटकी बोली बोलतात, मराठीत हिंदी-उर्दूचे तुकडे मिसळून. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती 'खाँसाहेबी' वाटते आणि गंमत वाटते. आपल्याला तसं वाटत नाही, कारण आपल्या शेजारी खरी दखनी बोलली जाते. भाजीच्या गाड्यावर, रिक्षात, शाळेच्या फाटकाशी. तिची लय वेगळी, तिचा विनोद वेगळा. त्यामुळं मराठवाड्याच्या प्रेक्षकाला नाटकातल्या खाँसाहेबांची जीभ बनवलेली वाटते, आणि गळा खरा वाटतो. लेखकानं माणूस लांबून पाहिलाय, संगीतकारानं जवळून. हा फरक पुण्या-मुंबईत सहज निसटतो. आपल्याकडे तो कानाला टोचतो. म्हणून म्हणतो, 'कट्यार' ऐकायला नांदेड-लातूरचा कान फायद्याचा आहे.

या कानाबद्दल अजून थोडं. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव. त्यांचे अभंग आपण देवळात टाळ-पखवाजावर म्हणतो. त्याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि तिथं ती रागांच्या नावाखाली लावलेली आहेत. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी मंडळी शबद गातात तेव्हा आपल्याच नरसीचा माणूस दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या चालीत आपल्याला भेटतो. पलीकडे कंधारच्या दर्ग्यात, लातूरच्या सुरत शाहवलीच्या दर्ग्यात कव्वाली होते. कोणी असं विचारतं का, की नामदेवांची खरी चाल कोणती, देवळातली का गुरुद्वाऱ्यातली? हा प्रश्नच आपल्याला सुचत नाही. एका माणसाच्या शब्दांना दोन चाली असू शकतात, हे आपण लहानपणापासून जगत आलोय. अभिषेकींनी 'घेई छंद'मध्ये केलं ते आपल्याला नवं नाही. आपणच ते विसरत चाललोय.

विसरणं दोन बाजूंनी होतंय.

पहिली बाजू सिनेमाची. २०१५ ला सुबोध भावे यांनी 'कट्यार'वर सिनेमा केला. तो चांगला चालला, तरुण मुलांनी त्यामुळं नाट्यपदं ऐकली, हे त्याचं मोठं काम. अभिषेकींच्या काही चाली ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली. पण सिनेमाला मोठा पडदा भरायचा असतो. तिथं मुकाबला समोरासमोर आला, मत्सर ठळक झाला, आणि हार-जीत हा गोष्टीचा कणा झाला. नवी पिढी 'कट्यार' म्हणते तेव्हा बहुधा तिच्या डोळ्यासमोर हा मुकाबला असतो. आणि आजच्या दिवसांत मुकाबल्याच्या दोन बाजूंना लगेच दोन रंग दिले जातात. खाँसाहेब एक माणूस राहत नाहीत, एका अख्ख्या समाजाचं नाव होतात. सिनेमा काढणाऱ्यांचा हा हेतू होता असं आम्ही म्हणत नाही. पण ऐकणारा कसा ऐकतो हे बघावं लागतं.

दुसरी बाजू आपली स्वतःची. आपण आता नाट्यसंगीत कसं ऐकतो? 'नाट्यगीतांची मैफल' म्हणून. एक गायक येतो, निवेदक चार वाक्यं बोलतो, आणि पराशराचं पद, मग खाँसाहेबांचं, मग देवयानीचं, सगळी एकाच गळ्यातून, एकाच सोफ्यासमोर. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांत तर धानीतला 'घेई छंद' हे तयारी दाखवायचं पद झालंय. मुलं छान गातात, आपल्याकडची गातात, कौतुक आहे. पण सालगवराळीतला कुणी गात नाही, कारण त्याला गुण कमी पडतात. जोडीतला एक हरवला की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. खाँसाहेबांची चाल एकटी ऐकली तर ती फक्त जिंकणारी चाल वाटते. पंडितजींच्या शेजारी ऐकली तर ती उत्तर देणारी चाल वाटते.

या विसरण्यात अभिषेकींचाही थोडा वाटा आहे, हे न सांगता पुढं गेलो तर आम्ही आरती केली असं होईल. 'कट्यार'ची पदं त्यांनी इतकी बळकट बांधली की ती नाटकाबाहेर सहज उभी राहिली. जो माणूस पद पात्राच्या तोंडात बसवत होता, त्याचीच पदं सगळ्यात आधी पात्रापासून सुटली. 'वन्स मोअर' मागच्या दारानं परत आला. नाटकाच्या पुढच्या प्रयोगांत गाणं लांबत गेलं ते प्रेक्षकांच्या मागणीनं. पुढं 'हे बंध रेशमाचे', 'मीरा मधुरा' ही नाटकं आली, चाली गाजल्या, पण नाटकापेक्षा चाली जास्त जगल्या.

दुसरी उणीव आम्हाला जास्त सलते. 'कट्यार'मध्ये दोन लेकी आहेत. पंडितजींची उमा आणि खाँसाहेबांची झरीना. झरीनाचं गाणं फैयाज यांनी असं गायलं की आजही अंगावर काटा येतो. दोन्ही मुलींच्या कानात आपापल्या घरची गायकी लहानपणापासून आहे. पण वारस कोण याचा वाद चालतो तो पुरुषांमध्ये. खाँसाहेबांच्या गाण्याचा वारस सदाशिव होऊ शकतो, झरीना नाही. आणि संगीतकारानंही त्या दोघींना एकमेकींशी बोलणारी, जोडीची चाल दिली नाही. दिली असती तर पंडितजी-खाँसाहेब हा वाद घरातच मिटला असता, कदाचित नाटकच उरलं नसतं. तरी ती न बांधलेली चाल आम्हाला ऐकू येते.

आता शेवटाकडे. अभिषेकींना १९८८ ला पद्मश्री मिळाली. लोणावळ्याला राहून त्यांनी शिष्य तयार केले, घरात ठेवून, जुन्या पद्धतीनं. मुलगा शौनक, अजित कडकडे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, किती नावं घ्यावीत. ७ नोव्हेंबर १९९८ ला पुण्यात ते गेले. आपल्या खेड्यापाड्यांत मात्र अनेकांना ते नाटकाचे संगीतकार म्हणून ठाऊकच नाहीत. परभणी आकाशवाणीवर सकाळी लागणारा चोखोबांचा अभंग गाणारे बुवा, म्हणून ठाऊक आहेत. त्यात काही बिघडलं नाही. कीर्तनकाराचा मुलगा फिरून कीर्तनाच्या जागी आला.

राहिला काकांचा प्रश्न. खाँसाहेब हरतात का?

आमचं उत्तर असं. शब्दांत हरतात. कट्यार चालवायचा हक्क हातात असून चालवत नाहीत, मान खाली घालतात. पण चालीत हरत नाहीत, कारण ज्यानं चाल केली त्यानं त्यांना हरवायचं नाकारलं. आणि शेवटी जो सदाशिव गातो तो कुणाचं गाणं गातो? पंडितजींचं ऐकून घरातून निघालेला, खाँसाहेबांचं चोरून ऐकलेला. त्याच्या गळ्यात दोन्ही आहेत. ज्याच्यासाठी एवढा वाद झाला ते गाणं आता एकट्या कुणाचंच राहिलं नाही. विंगेत बसलेल्या संगीतकाराच्या गळ्यात ते पहिल्यापासूनच तसं होतं.

म्हणून एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर दोन्ही चाली एकापाठोपाठ एक ऐका. आधी सालगवराळी, मग धानी. क्रम बदलून पुन्हा ऐका. आणि दोन दिवसांनी आपण नकळत कोणती गुणगुणतो, तेवढं बघा. नांदेडचे काका गुणगुणत होते ती खाँसाहेबांची. त्यांच्या मतापेक्षा त्यांच्या गळ्यावर आमचा जास्त विश्वास आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.